कंबरदुखी आणि गळ्यातील लहानशी ग्रंथी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी दुखण्याचा विषय काढते, याचा राग मानू नका. पण हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की बोलणे कंबरेवर येतेच. 'बाईच्या जन्माला आले, चालायचेच,' असे म्हणून आपण तेल चोळतो, शेक घेतो आणि पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहतो. हल्ली त्यावर कोणी तरी हटकून सांगते, 'अहो, थायरॉइड असेल तुम्हांला!' यात खरे किती, एवढेच आज सांगावयाचे आहे.

थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या बाजूस असते, आकार फुलपाखरासारखा. तिचा रस रक्तात मिसळून शरीराच्या कामाचा वेग ठरवितो. रस कमी पडला की चुलीची आंच मंदावावी तसे होते. थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, शौचास साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात, पाळी बिघडते. स्नायूही यातून सुटत नाहीत. ते दुखतात, आखडतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. पाठीचे स्नायू तरी याला अपवाद कसे असतील? उलट रस फार झाला, तर हाडे ठिसूळ होतात. पाळी गेल्यानंतर हा धोका अधिक; मणका दबूनही पाठ दुखू लागते.

म्हणजे संबंध संभवतो. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. बहुतेक कंबरदुखी वाकणे, ओझे उचलणे, एकाच जागी तासन्‌तास बसणे आणि व्यायामाचा अभाव यांतूनच येते. थायरॉइडचा विकार असला, तरी कंबर त्यामुळेच दुखते असे नव्हे. आणि गोळी सुरू केली की कंबर राहीलच, असेही नव्हे.

मग तपासावे कशासाठी? मुंबई आणि गोवा धरून देशातील आठ ठिकाणी झालेली एक पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली. तीत दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाचा रस कमी आढळला. त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश लोकांना हे ठाऊकच नव्हते! आणि उपाय तर जुना आहे. 1891 साली इंग्लंडात डॉ. मरे यांनी अशाच विकाराच्या 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे 28 वर्षे जगली. आज तेच काम एक लहानशी गोळी करते.

म्हणून कंबरदुखीबरोबर वर सांगितलेल्या दोन-चार खुणाही असतील, तर डॉक्टरांना सर्व सांगावे आणि टी. एस. एच. ही रक्ताची तपासणी करावी का, ते विचारावे. आपल्या येरवड्यात महापालिकेचे राजीव गांधी रुग्णालय आहे, नदीपलीकडे ससून आहे. शेजारणीची गोळी मात्र कोणी घेऊ नये.

ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासाने. लोहाची वा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये, वजन उतरावे म्हणून वाढवूही नये. जादा गोळीनेच हाडे झिजतात. दिवस राहिल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे, कारण तेव्हा गरज वाढते.

कंबर साधी दुखत असेल, तर अंथरूण धरू नये. झेपेल तेवढे चालावे, हलते राहावे. पण पायांतील जोर गेला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप असेल, वजन उगाच उतरत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरीही विलंब करू नये.

भगिनींनो, घरात कोणाला शिंक आली तरी आपण काढा उकळतो. स्वतःच्या दुखण्याला मात्र वर्षानुवर्षे नाव सुद्धा देत नाही. ते नाव विचारून घेण्याचा हक्क आपलाही आहे. पुढच्या वर्धापनदिनापूर्वी प्रत्येकीने आपली आणि एका शेजारणीची एवढी चौकशी करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.