परक्या नगरीतील दुचाकी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुलेमुली आज नोकरीनिमित्त परदेशी जातात. ज्यांच्या वाट्याला व्हिएतनाममधील हो चि मिन्ह नगरी येईल, त्यांच्यासाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी माझे हे दोन शब्द आहेत. १९७६ साली या सायगॉन शहराचे नामांतर झाले. तेथे आईबाप, मुले, भाजीचे भारे, सारे काही दुचाकीवरूनच जाते.

पुण्यात वीस वर्षे गाडी चालविल्यावर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी तेथे पुन्हा विद्यार्थी झालो. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे उजवीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते, तेथे डावीकडे वळताना. म्हणजे अंगवळणी पडलेली सवयच प्रथम विसरावी लागते. गर्दीत पुढची गाडी वाट दाखविते. खरा धोका पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर असतो, कारण तेथे जुनी सवय डोके वर काढते.

तेथील परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या आखलेल्या मार्गावरून, पाय न टेकता, गाडी न्यावी लागते. वेगात तोल आपोआप सांभाळला जातो. कसोटी लागते ती संथ गतीत. चाकाकडे न पाहता जेथे जावयाचे तेथे दृष्टी ठेवावी, मागचा ब्रेक हलकेच दाबावा, हे तेव्हा उमगते.

चौकातील तो लोंढा बाहेरून बेशिस्त वाटतो. परंतु त्यालाही एक रीत आहे. जो तो समोरच्याची गती हेरून आपली वाट किंचित बदलतो. म्हणून तेथे एकाएकी थांबणे वा झेप घेणे, दोन्ही घातक. आपण काय करणार हे दुसऱ्याला आधी कळावे, यातच सर्वांची सुरक्षितता आहे.

कायदाही कडक आहे. १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर चालक व मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे झाले. २०२० पासून मद्याचा अंशही अंगात असताना वाहन चालविण्यास बंदी आली.

बंधुभगिनींनो, मूल परदेशी निघाले की आपण पगार किती, राहण्याची सोय काय, हे आवर्जून विचारतो. त्यासोबत एवढेही विचारावे : तुझा परवाना तेथे त्या गाडीसाठी ग्राह्य आहे काय? अपघात झाल्यास विमा मिळेल, असे विमा कंपनीने लेखी कळविले आहे काय? परवान्यावाचून झालेल्या अपघातात विम्याचा आधार तुटू शकतो. मग परक्या इस्पितळाचा खर्च इकडच्या म्हाताऱ्या आईबापांवर येतो.

येथे निष्णात असलेल्याने तेथे नवशिका होण्यात कमीपणा नाही. आपली मुले दूर जावोत, मोठी होवोत आणि रोज सायंकाळी सुखरूप घरी पोहोचोत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.