कमावत्या माणसाची शाळा
(कामकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



“आतां या वयांत शाळेंत जाऊन काय करायचें?” असें आपल्यांतील पुष्कळ मंडळी आम्हांस विचारतात. दोन पोरांचा बाप, हातांत करवत नाहीं तर पान्हा, पोटामागें रोजची धांव. त्यानें मिसरूड न फुटलेल्या पोरांशेजारीं बांकावर बसावें, याची त्यास लाज वाटते. आम्ही म्हणतों, कर्ज काढून लग्नांत बार उडविण्याची लाज धरा. शिकण्याची कसली लाज?

आपला सुतार, लोहार, गवंडी हाताचा कच्चा नाहीं. परंतु कारखान्यांत भरती निघाली कीं आधीं दाखला मागतात. मग ज्या पोरास उस्तादानें पान्हा धरावयास शिकविलें, तो दाखला दाखवून आंत जातो आणि उस्ताद फाटकाबाहेर उभा राहतो! शिवाय नकाशा वाचतां येत नसला, तर वीस वर्षांचें कसबही दुसऱ्याच्या हुकमाची वाट पाहत बसतें.

ही तळमळ आजची नव्हे. दिवसा राबणाऱ्यांसाठीं जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं १८५५ सालीं रात्रीची शाळा काढली. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं मागितलें कीं, शिक्षक शेतकरी वर्गांतला असावा आणि वेळ पडल्यास त्यास नांगराची मूठ व सुताराचा वाकस धरतां यावा. हात आणि अक्षर यांची फारकत त्यांस मान्य नव्हती.

आज वाटा आहेत. आय.टी.आय.मध्यें वयाची खालची अट चौदा वर्षांची आहे, वरची नाहीं. वेल्डरचा अभ्यास एक वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यास पुरा करणारास पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाची वाट मोकळी होते. ज्यास रोज वर्गांत जाणें जमत नाहीं, त्याच्यासाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. शिवाय २०२३ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें नोकरी करणाऱ्यांसाठीं सोयीच्या वेळीं पदविका व पदवीचे वर्ग चालविण्यास मुभा दिली.

तथापि गोड बोलून आम्ही कोणास फसविणार नाहीं. आय.टी.आय.चे वर्ग बहुतेक दिवसा भरतात, म्हणजे मजुरी बुडते. म्हणून आधीं घरांत बसून हिशेब करा: फी किती, येण्याजाण्याचें भाडें किती, बुडणारी मजुरी किती, आणि तेवढे महिने चूल कशावर पेटेल? बियाणें पेरण्याआधीं शेतकरी विहिरीचें पाणी पाहतो, तसेंच हें.

दुसरें, बाजारांत शिक्षणाचीं दुकानें फार झालीं आहेत. भिंतीवर मोठी पाटी, “नोकरीची हमी” अशी जाहिरात, आणि हातीं येतो तो रद्दीच्या भावाचा कागद! पैसा देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा. मान्यता कोणाची? परीक्षा कोण घेतो? सगळी फी लिहून देतां काय? मान्यतेच्या सरकारी यादींत नांव आहे कीं नाहीं, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा; वाचतां येत नसेल तर गांवच्या मास्तरांकडून वाचून घ्या. पावतीवांचून एक पैसा देऊं नका, आणि फीसाठीं सावकाराचा उंबरठा झिजवूं नका.

तिसरें घरच्या माणसांस. घरधनी कामावरून येऊन पुस्तक उघडतो, तेव्हां त्याच्या वांट्याचें ओझें घरची बाई उचलते. तिचें नांव दाखल्यावर येत नाहीं, पण निम्मा दाखला तिचाच. आणि उद्यां तीच म्हणाली, “मला शिवणकाम किंवा नर्सिंग शिकायचें आहे,” तर पुरुषानें तोंड वाकडें करूं नये. भाकरी थापावी, पोरें सांभाळावीं. हें ज्यास कमीपणाचें वाटतें, त्यानें समतेच्या गप्पा चावडीवर मारूं नयेत.

बांधवांनो, बापजाद्यांनीं आपणांस कसब दिलें. अक्षर द्यावयाची त्यांस सोय नव्हती. ती सोय आज थोडीबहुत आहे. पोरास “शीक” म्हणून सांगणारा बाप स्वतः दिव्याखालीं वही घेऊन बसला, तर पोरास निराळा उपदेश करावा लागणार नाहीं. प्रवेशाचे अर्ज निघतात तेव्हां चौकशीस जा, आणि एकटे जाऊं नका. आळींतला आणखी एक गडी सोबत न्या.