गाडीचं खरं नाव तिच्या लोखंडावर असतं

  आज मी पापड-लोणच्यांविषयी बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यांविषयीही नाही. आज बोलायचंय ते जुन्या गाडीच्या खरेदीविषयी.

आता तुम्ही म्हणाल, हे तर पुरुषांचं काम. पण बघा, आपल्या गटांचं काम आता घराबाहेर पडलंय. कुणी गावातली भाजी अंबरनाथच्या बाजारात नेतं, कुणी एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पोचवतं, कुणी उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापतं. त्यासाठी स्कूटर लागते, रिक्षा लागते, नाहीतर एखादा छोटा हत्ती टेम्पो. नवी गाडी परवडत नाही, मग जुनी बघतो. आणि ती घेताना पैसा जातो तो दहा-बारा जणींच्या बचतीतला. म्हणून हे काम आपलंच आहे.

जुन्या गाडीत इंजिन खराब निघालं तर मेकॅनिक आहे. पण गाडीची ओळखच खोटी निघाली तर कुठलाच मेकॅनिक कामाला येत नाही. पोलीस गाडी घेऊन जातात, कर्ज मात्र आपल्या नावावर राहतं.

खोटी ओळख म्हणजे काय, ते सोपं करून सांगते. समजा, एक गाडी अपघातात चेंदामेंदा झाली. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि सांगाडा भंगारात विकला. कायदा सांगतो की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावं आणि आरसी परत करावी. पुष्कळ जण ते करत नाहीत. गाडी मेली, तिचे कागद मात्र जिवंत राहिले. मग कुणीतरी ते कागद विकत घेतो, तशाच रंगाची, तशाच मॉडेलची गाडी चोरतो आणि मेलेल्या गाडीचं नाव चोरलेल्या गाडीला देतो. नंबर खरा, कागद खरे, फक्त गाडी दुसरी.

आपल्याकडे पुराचाही विषय आहे. २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली, तेही आठवत असेल. असा पूर आला की गाड्याही बुडतात. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. २०२१ साली नवी मुंबई पोलिसांनी पनवेलमध्ये असंच एक प्रकरण उघडकीला आणलं. पुरात खराब झाल्या म्हणून भंगारात काढलेल्या चारशेवर गाड्या होत्या त्या, बीएस-४ इंजिनाच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्यांची विक्री बंद झाली होती. तरी चासी नंबर बदलून, नोंदणी करून त्या लोकांना विकल्या गेल्या. घेणाऱ्यांच्या हातात आरसी होती. तरीही फसले.

इथेच आपली चूक होते. आपण मोबाइलवर एमपरिवहन ॲप उघडतो, नंबर टाकतो, गाडीचं मॉडेल दिसलं की म्हणतो, झालं, गाडी खरी. पण ॲप सांगतं ते नंबराविषयी. समोर उभी असलेली गाडी त्याच नंबराची आहे की नाही, हे ॲपला दिसत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. कारण गाडीचं खरं नाव प्लेटवर नसतं, तिच्या लोखंडावर कोरलेलं असतं. त्याला म्हणतात चासी नंबर.

तर वही-पेन्सिल घ्या. पाच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट. चासी नंबर कुठे आहे, ते विकणाऱ्याला दाखवायला सांगा. स्कूटर-मोटरसायकलला बहुतेक वेळा हँडलच्या खाली फ्रेमवर असतो, टेम्पोला खालच्या लांब लोखंडी पट्टीवर. हल्लीच्या गाड्यांना तो १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दिसली तर तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट. त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटते. ती छाप आरसीशी एकेक अक्षर लावून बघा, एकीने वाचायचं, दुसरीने तपासायचं. इंजिन नंबरही तसाच. आणि नुसतं वाचू नका, हात फिरवा. अक्षरं वरखाली आहेत का? तेवढ्याच जागेवर नवा रंग आहे का? घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा जोड दिसतो का? सगळी गाडी गंजलेली आणि नंबराची पट्टी चकचकीत असेल तर संशय घ्या.

तिसरी गोष्ट, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सुरुवातीपासूनच असते, आणि जुन्यांनाही आता ती लावावी लागते. तिच्यावर अशोकचक्राचा चमकणारा होलोग्राम असतो, खाली डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती काढली की तुटणाऱ्या रिव्हेटने बसवलेली असते. साध्या नट-बोल्टने लावलेली असेल तर कारण विचारा.

चौथी गोष्ट. गाडी आणि आरसी सारखीच दिसते का? आरसीवर पेट्रोल लिहिलंय आणि मागे सीएनजीची टाकी आहे, आरसीवर एक बॉडी आणि समोर दुसरीच, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली मूळ रचना मनाने बदलता येत नाही. सीएनजी किट मान्यताप्राप्त असावं लागतं आणि त्याची नोंद आरसीवर लागते. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते. जुन्या जीपच्या कागदांवर वेगवेगळे भाग जोडून केलेली 'नवी' जीपही बाजारात मिळते. दिसायला ऐटदार असते, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसीच बघते.

पाचवी गोष्ट. ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूस स्वतः समोर हवा, आधार कार्डासकट. एजंट नको, 'मालक गावी गेलाय' नको. पैसे चेकने किंवा त्याच्याच बँक खात्यात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची ना-हरकत आणि फॉर्म ३५. आपण गाडी घेतल्यापासून तीस दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा. आपल्या भागातल्या एमएच ०५ च्या गाड्यांचं काम कल्याणच्या परिवहन कार्यालयात होतं. गाडी चोरीची नोंदलेली आहे का, ते एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन एनओसी सेवेतही बघता येतं.

आमच्याकडच्या एका गटाची गोष्ट सांगते. त्यांना भाजीसाठी टेम्पो हवा होता. एकीच्या ओळखीतून आला, भावही बाजारापेक्षा कमी. ॲपवर सगळं ठीक. गटाच्या सचिव ताईंनी चासी नंबराची छाप घेतली तर मधले दोन आकडे पुसट आणि बाजूला ताजा काळा रंग. ताईंनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, उद्या कल्याणला आरटीओत तपासून घेऊ, मग तिथेच इसार देतो." भाऊ हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन बंद. ती गाडी चोरीची होती की नव्हती, हे गटाला कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. गुन्हा शोधणं पोलिसांचं काम. आपलं काम एवढंच, की नंबर जुळत नाही तोवर पैसा पेटीतून बाहेर काढायचा नाही.

पण मैत्रिणींनो, ओळखीचा माणूस असला की आपण बोलायला लाजतो. "भावजींच्या मित्राची गाडी, त्यात काय तपासायचं?" अहो, भावजी खरे असतील, मित्रही खरा असेल. त्यालाही कुणीतरी फसवून विकली असेल. तपासतो ती गाडी, नातं नाही. हे मोकळेपणाने सांगा, कुणी रागावणार नाही. आणि रागावलंच, तर ते हप्त्यांपेक्षा स्वस्त.

आता शेवटची बाजू, गाडी विकणाऱ्याची. घरातली जुनी स्कूटर भंगारवाल्याला देताना आरसी त्याच्या हातात देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घ्या. चालू गाडी विकली तर चौदा दिवसांत फॉर्म २९ ने कळवा. नाहीतर गाडी दुसऱ्याकडे आणि मालक कागदावर आपणच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच मालक धरला जाईल. आपल्या जुन्या आरसीवर उद्या चोरीची गाडी फिरू नये, हेही आपल्याच हातात आहे.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक ठराव लिहा: गटाच्या पैशातून किंवा गटाच्या कर्जातून गाडी घ्यायची तर दोन सदस्यांनी चासी नंबराची छाप घ्यायची, आरसीशी जुळवायची आणि ती छाप वहीत चिकटवायची. त्यानंतरच इसार. पाच मिनिटांचं काम आहे आणि पेन्सिल प्रत्येकीच्या घरात आहे.

संशय पक्का वाटला तर स्वतः अडवायला जाऊ नका, ११२ ला फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. आजचं बोलणं इथेच थांबवते. नमस्कार.