गल्लीतलं झाड पाडू नका, उतरवा

आपल्या वैजापूरसारख्या गावात जुना कडुनिंब कधी दोन घरांच्या मधोमध उभा असतो. एकीकडे पत्रे, दुसरीकडे विजेची तार. तो आडवा पाडायला जागाच नसते. मग वरून खाली, तुकड्या-तुकड्यानं उतरवावा लागतो.

साधा हिशेब सांगतो. एक फूट जाड, दहा फूट लांब ओली फांदी २०० किलोच्या आसपास भरते. हातानं ती कोण धरणार? म्हणून फांदीला दोर बांधायचा, वरच्या मजबूत बेचकीतून घ्यायचा आणि खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे. घर्षणामुळे दोर बेतानं सोडता येतो. करवत आधी खालून थोडी, मग वरून. नाहीतर साल सोलत जाते.

तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. आणि १९७५ च्या कायद्यानं फांद्या छाटणं हेसुद्धा वृक्षतोडीत मोडतं, अंगण तुमचं असलं तरी! म्हणून आधी नगरपरिषदेची परवानगी.

मी तर म्हणेन, जड फांद्या उतरवून भागत असेल तर बुंधा राहू द्या. आणि व्हिडिओ काढायचाय? लांबून काढा, झाडाखाली उभं राहून नको.