पुस्तकाचे रूप बदलले तरी

(हीरक महोत्सवी वर्षातील ग्रंथप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या निधीतून ग्रंथालयासाठी छापील पुस्तके घ्यावीत की मुलांच्या हाती टॅब द्यावेत, असा प्रश्न परवा समितीच्या बैठकीत निघाला. तेव्हा मी गप्प राहिले. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

या प्रश्नाला छत्तीसगडच्या मातीत जुना संदर्भ आहे. जानेवारी 1900 मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. मातृभाषा मराठी असलेले माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर त्याचे संपादक होते, तर वामनराव लाखे प्रकाशक. पाठीशी मोठी प्रकाशनसंस्था नव्हती. सुमारे तीन वर्षांत आर्थिक तोट्यामुळे मासिक बंद पडले. मात्र 1901 मध्ये त्यात आलेली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ आज हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. मासिक बुडाले, पण त्याचे अंक कोणीतरी जपले, म्हणून कथा तरली.

स्वयंप्रकाशन आता पुष्कळ सोपे झाले आहे. डिसेंबर 2016 पासून किंडलवर मराठी पुस्तके मिळू लागली. पुण्याच्या ‘बुकगंगा’वरून छापील पुस्तकाबरोबर ई-पुस्तकही घेता येते. पूर्वी एखादे मराठी पुस्तक हवे असले, तर नागपूरला जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती चिठ्ठी द्यावी लागे. आज रायपूरचा विद्यार्थी तेच पुस्तक क्षणात उघडतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय म्हणजे मोठाच आधार आहे. शिवाय अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात, याचे मोल माझ्या वयाला चांगले कळते!

तरीही दोन गोष्टींचा विचार करायला हवा. पहिली संपादनाची. माझ्या एका निवृत्त सहकारी बाईंनी पदरचे पैसे घालून कवितासंग्रह काढला. कविता चांगल्या होत्या, पण मुद्रिते कोणी नीट तपासली नाहीत. तीनशे प्रतींपैकी निम्म्याहून अधिक अजून त्यांच्या पलंगाखाली आहेत. माझ्याकडे हस्तलिखित आले होते. संकोचापोटी मी ‘छान आहे’ एवढेच म्हणाले. ही माझी चूक मला आजही बोचते. ‘मौज’चे श्री. पु. भागवत लेखकाबरोबर बसून हस्तलिखितावर चिकाटीने काम करीत. छापणे स्वस्त झाले, तरी हे काम स्वस्त झालेले नाही. प्रकाशन व्यवसाय टिकायचा असेल, तर तो याच कामाच्या बळावर टिकेल.

दुसरी गोष्ट मालकीची. विकत घेतलेल्या ई-पुस्तकाबरोबर बहुधा वाचण्याचा परवाना मिळतो. ते पुस्तक आपण शाळेला देणगी म्हणून देऊ शकत नाही. आपल्या ग्रंथालयातील कितीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर देणगीदार पालकांची नावे आहेत. आजोबांच्या सहीचे पुस्तक नातवाने घरी नेलेले मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून समितीला माझी विनंती अशी : निधीचा मोठा भाग छापील पुस्तकांसाठी ठेवावा. थोडे टॅब जरूर घ्यावेत, पण ते ग्रंथालयातच असावेत, म्हणजे इथे न मिळणारी पुस्तके मुलांना तिथे बसून वाचता येतील. आणि आठवड्यातील एक तास वाचनासाठी राखून ठेवावा. तो नसेल, तर कपाट आणि टॅब, दोन्हींवर धूळच बसेल.

आपली स्मरणिका हेही एक स्वयंप्रकाशनच आहे. तिची मुद्रिते शिक्षक आणि माजी विद्यार्थी रात्री जागून तपासत आहेत. ती भ्रमणध्वनीवरून दूरदेशीच्या विद्यार्थ्यांपर्यंत अवश्य पोहोचवू या. आणि एक छापील प्रत ग्रंथालयाच्या कपाटात, दाखलक्रमांक घालून ठेवू या. शताब्दीच्या वर्षी ती कोणीतरी शोधत येईल, अशी आशा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.