पाहुणा देव, पण होडीत शब्द तांडेलाचा



आम्ही खाडीकाठच्या एका बचतगटातल्या दहाजणी. पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायचं आणि फेरी झाली की घरचं जेवण वाढायचं, हा आमचा हंगामाचा धंदा. आज मात्र आम्ही आपल्या खाडीबद्दल थोडं आणि सेशेल्स बेटांबद्दल जास्त बोलणार आहोत. तिथे शिडाच्या आलिशान नौकेवर, म्हणजे यॉटवर, पाहुणे आठ-आठ दिवस राहायला येतात. त्यांचं आदरातिथ्य कसं चालतं, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, या बाया कुठे आणि सेशेल्स कुठे! तर आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा तिथल्या एका नौकेवर स्वयंपाकी आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा आम्ही त्याला मासिक बैठकीला बोलावलं. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग दोन तास आम्ही त्याला प्रश्नच विचारत बसलो.

आधी ही बेटं कुठे आहेत ते सांगतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून नैऋत्येला खूप दूर गेलं, विषुववृत्त ओलांडलं, की हिंदी महासागरात सेशेल्स लागतं. लहानमोठी मिळून 115 बेटं मोजतात. माहे हे सगळ्यात मोठं, त्यावर व्हिक्टोरिया ही राजधानी. साऱ्या देशाची वस्ती लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. 1770 साली सेंट ॲन बेटावर पहिली वस्ती झाली, त्या पहिल्या माणसांत पाच भारतीय होते. 1976 मध्ये देश स्वतंत्र झाला. आणि तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणतात!

आपलं त्यांचं आणखी एक नातं आहे, ते वाऱ्याचं. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो. तोच वारा विषुववृत्त ओलांडला की वळतो आणि नैऋत्येकडून पाऊस घेऊन आपल्या दारात येतो. आपण इकडे होड्या ओढून शाकारून ठेवतो, तेव्हा तिकडे शिडं भरलेली असतात.

आता नौकेबद्दल. तिथे बहुतेक पाहुणे कॅटामरान नावाच्या नौकेवर राहतात. तिला दोन तळ असतात आणि मधे रुंद फळी, त्यामुळे ती कमी कलंडते. हा शब्द मूळचा तमिळ आहे, कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. आपल्याच देशातल्या कोळ्यांचा शब्द जगभर फिरून आला. आमच्या भाच्याच्या नौकेवर आठ पाहुणे आणि चार कामाची माणसं असतात. कप्तान, त्याचा मदतनीस, पाहुण्यांची सरबराई करणारी एक बाई आणि स्वयंपाकी.

आलिशान म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे मोठे पलंग आणि झुंबरं आली. तो हसला. म्हणाला, "मावशी, खोली एवढी लहान की दोघांनी एकदम उभं राहून कपडे बदलता येत नाहीत." मग पाहुणे पैसे कशाचे मोजतात? तर सकाळी डोळे उघडले की वेगळं बेट समोर असतं, त्याचे. आणि दुसरं म्हणजे, न मागता मनासारखं मिळतं, त्याचे.

हे न मागता मिळण्यामागे काही जादू नाही. पाहुणा घरून निघायच्या आधीच त्याच्याकडून एक अर्ज भरून घेतात. काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, कुठली औषधं चालू आहेत, पोहता येतं का, गुडघे दुखतात का, कुणाचा वाढदिवस आहे का. भाचा तो अर्ज पाहूनच बाजार करतो, कारण एकदा नांगर उचलला की मधे दुकान नाही. एका आजींनी अर्जात लिहिलं होतं, सकाळी उठल्या उठल्या कोरा चहा लागतो. सहा वाजता त्या वर आल्या तेव्हा चहा तयार होता. आठ दिवसांनी निघताना त्यांनी आभार मानले ते त्या चहाचे.

जेवणही आपल्याला परकं वाटणार नाही असं. नारळाच्या रसातलं ऑक्टोपसचं कालवण, त्यात दालचिनीची पानं, कारण माहेच्या डोंगरात दालचिनी रानासारखी वाढते. भाजलेली ताजी मासळी. आणि नीरफणसाच्या कापा! तिथे म्हणतात, इथला नीरफणस खाल्लेला माणूस पुन्हा इथे येतोच. आपल्या परसात नीरफणस पडून वाया जातो, हे त्याने सांगितलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं.

आता दिवस कसा जातो बघा. माहेवरून प्रासलिन बेट पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. शिडावर गेलं तर चारेक तास. बंदराबाहेर पडलं की कप्तान शीड चढवतो आणि इंजिन बंद करतो. भाचा म्हणतो, त्या क्षणी बोलत असलेले पाहुणे गप्प होतात. नुसतं पाणी आणि वारा ऐकू येतो. काहींना पोटात ढवळतं, त्यांना बाहेर मोकळ्यावर बसवायचं, दूर क्षितिजाकडे बघायला सांगायचं आणि आल्याचा तुकडा चघळायला द्यायचा. औषध आपल्या घरातलंच!

प्रासलिनवर व्हॅली द मे नावाचं जंगल आहे. 1983 पासून ते जागतिक वारसा आहे. तिथे दर्याचा नारळ पिकतो. फकिराच्या हातातलं काळं कटोरं तुम्ही पाहिलं असेल, ते याच नारळाच्या करवंटीचं. जगातलं सगळ्यात मोठं बी ते हेच. पूर्वी या करवंट्या समुद्रातून वाहत दूरच्या किनाऱ्यांना लागायच्या आणि लोकांना वाटायचं, झाड समुद्राच्या तळाशी आहे. आज सरकारी परवान्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही, पाहुणा कितीही श्रीमंत असो.

जवळच क्युरिएझ बेट आहे. 1965 पर्यंत तिथे कुष्ठरोग्यांना ठेवायचे. आता तिथे अवाढव्य कासवं मोकळी फिरतात. पाहुणे त्यांची मान खाजवतात, तर ती मान लांब करून उभी राहतात.

पण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती कझिन बेटाची गोष्ट. तिथे वटवट्याच्या जातीचा एक लहान पक्षी राहतो. एके काळी जगात असे तीसदेखील पक्षी उरले नव्हते. 1968 मध्ये पक्षी वाचवणाऱ्या संस्थेने ते अख्खं बेट विकत घेतलं. नारळाच्या बागा हटवून जुनं जंगल परत वाढू दिलं, मग काही पक्षी दुसऱ्या बेटांवर नेऊन सोडले. आज ते तीन हजारांच्या वर आहेत. तिथेच एक पांढराशुभ्र पक्षी घरटं न बांधता उघड्या फांदीवर एकच अंडं घालतो.

या बेटावर कुणालाही आपली होडी लावता येत नाही. होडीतून एखादा उंदीर उतरला तर पक्ष्यांची अंडी संपली. म्हणून नौका बाहेर थांबते, बेटाचे रखवालदार त्यांच्या होडीतून येतात आणि पाहुण्यांना घेऊन जातात. भाचा म्हणाला, लाखो रुपये भरून आलेले पाहुणे तिथे मुकाट्याने रांगेत उभे राहतात आणि त्यांच्या होडीत बसतात. कुणी वाद घालत नाही. का? तर आदल्या रात्री जेवणाच्या वेळी कप्तानाने सगळं समजावलेलं असतं. पक्ष्याची गोष्ट सांगितलेली असते.

नौकेवर नियम तर पुष्कळ असतात. चपला-बूट चढतानाच टोपलीत. चालताना एक हात धरायला मोकळा. गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यापासून यंत्राने काढतात, आपल्या गावातल्या पाण्याच्या आरओसारखंच, म्हणून आंघोळ पटकन उरकायची. संडासात कागद-कापूस टाकायचा नाही. इंजिन चालू असताना आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरायचं नाही. नांगर वाळूतच टाकायचा, प्रवाळावर नाही. 1998 साली पाणी तापून तिथलं बहुतेक प्रवाळ मेलं होतं. जे पुन्हा उगवतंय ते जपायलाच हवं.

हे सगळं पहिल्या दिवशी, नांगर उचलायच्या आधी सांगतात. लाइफ जॅकेट कुठे आहे ते सांगून थांबत नाहीत, प्रत्येकाला घालून दाखवायला लावतात. आणि हेही स्पष्ट सांगतात, की कुठल्या बेटावर कधी जायचं ते वारा ठरवील.

आता आमच्या खाडीत येतो. गेल्या डिसेंबरात बाराजणांचं एक टोळकं धक्क्यावर आलं. आमच्या होडीत आठजण बसतात. ते म्हणाले, एकाच फेरीत सगळे बसतो, दुप्पट पैसे घ्या. जॅकेटही नको, आम्हाला पोहता येतं. त्या दिवशी वल्ह्यावर असलेल्या ताई नाही म्हणाल्या. ते चिडले, पाहुण्यांशी कसं वागावं ते कळत नाही तुम्हाला, असं ऐकवून निघून गेले. बाराजणांचं जेवणही रद्द झालं. संध्याकाळी गटात कुरबूर झाली. काहीजणी म्हणाल्या, एवढी मोठी रक्कम घालवली, ओहोटी होती, पाणी कमरेएवढं, काय बिघडलं असतं? ताई एवढंच म्हणाल्या, "चिखलात पाय रुतला तर कमरेएवढं पाणीही पुरतं." वाद मिटला नव्हता.

भाच्याला आम्ही तेच विचारलं. तो म्हणाला, "माझ्या कप्तानाने एका जोडप्याला असंच नाही म्हटलं होतं. त्यांना ला दिग बेटावर त्याच दिवशी जायचं होतं, लग्नाचा वाढदिवस होता. वारा वाढला, कप्तानाने नौका आडोशाला ठेवली. नवरा संध्याकाळभर बोलला नाही. मी केक केला. दुसऱ्या दिवशी समुद्र शांत झाल्यावर आम्ही गेलो. पाहुणा नाराज झाला तर त्याला समजावता येतं, मावशी. बुडाला तर काय करणार?"

आणि पुढे म्हणाला, "ताईंचं नाही म्हणणं बरोबरच होतं. फक्त ते त्या लोकांना धक्क्यावर उभं राहून पहिल्यांदा ऐकावं लागलं." ही गोष्ट आमच्या मनाला पटली. नियम आधी सांगितला की पाहुण्याला तो काळजी वाटतो. पैसे हातात धरून उभा असताना सांगितला की अडवणूक वाटते.

म्हणून त्याच बैठकीत आम्ही ठराव केला. फेरी ठरवायला फोन आला की लगेच मोबाइलवर निरोप पाठवायचा. होडीत आठच माणसं, जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटणार नाही, वेळ भरती-ओहोटी बघून ठरेल. त्याबरोबरच विचारायचं, काय खात नाही, कुणाला चढ-उतार जमत नाही, लहान मूल किती वर्षांचं. आणि होडीत जी ताई वल्ह्यावर असेल, तिचा शब्द शेवटचा. मग गटाची अध्यक्ष धक्क्यावर उभी असली तरी.

आणखी एक ठरलं. त्याच्या नौकेवर पाहुणे निघताना खुशीने बक्षिसी देतात, ती कप्तानाकडे जमा होते आणि चौघांत सारखी वाटली जाते. आमच्याकडे ती होडीवाल्या ताईच्या हातात पडायची, चुलीपुढे घाम गाळणारी तशीच राहायची. आता धक्क्यावर एक डबा ठेवलाय. महिनाअखेर तो सगळ्यांसमोर उघडतो आणि त्या महिन्यात राबलेल्या सगळ्यांत वाटतो.

मैत्रिणींनो, तुमचा गट खाणावळ चालवत असेल, घरी पर्यटक ठेवत असेल, शेत दाखवत असेल, तर पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. पाहुण्याला आधी काय विचारायचं ते लिहा. त्याला आधी काय सांगायचं ते लिहा. आणि कोणत्या गोष्टीला दुप्पट पैसे दिले तरी नाहीच म्हणायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. म्हणजे त्या वेळी एकटीला नाही म्हणावं लागणार नाही, तिच्या मागे गट उभा असेल.

आमची खाडी बघायला जरूर या. जॅकेट आम्ही देऊ, नीरफणसाच्या कापाही वाढू.