पोरगं आधी कोणाला सांगेल?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी यावर आजवर पुष्कळ बोललो, पुढेही बोलू. आज घरातला विषय काढतो आहोत. मागच्या सभेनंतर एका माउलीने आम्हाला थांबवून विचारले, "भाऊ, पोराच्या हातातल्या मोबाईलचं काय करावं, हे तुमच्या सभेत कोणी सांगते का?" कोणी सांगत नाही, हे खरे आहे. म्हणून आज सांगतो.

हा मोबाईल घरात आला कसा? २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० साली कोरोनाने शाळा बंद पडल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. ज्याने स्वतःसाठी कधी चांगला मोबाईल घेतला नव्हता, त्याने ज्वारी विकून पोरासाठी घेतला. शाळा पुन्हा उघडल्या, मोबाईल मात्र पोराच्या हातातच राहिला. आता बँकेचा मेसेज पोरगेच वाचते, पैसेही तेच पाठवते, पिनही त्यालाच पाठ. यात पोराचा दोष नाही. बैलजोडी पोराच्या हाती देताना आपण आधी दोन हंगाम त्याच्याबरोबर चालतो. मोबाईल देताना दोन दिवसही चाललो नाही.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, म्हणून शेतातलेच उदाहरण देतो. कपाशीत आपण कामगंध सापळा लावतो. त्यात मादी नसते, मादीच्या वासाचे ल्यूर असते. नर पतंग वासाला भुलून येतो आणि अडकतो. मोबाईलवर हाच सापळा आपल्या लेकरांसाठी लावलेला असतो. फोटो पंधरा वर्षांच्या मुलीचा, नाव मुलीचे, बोलणारा भलताच. आठ दिवस गोड बोलतो, मग एक फोटो मागतो. फोटो गेला की भाषा बदलते. पैसे दे, नाहीतर बापाला पाठवतो, शाळेत पाठवतो, गावभर करतो. यात मुली अडकतात तशी मुलेही अडकतात. आणि हल्ली खरा फोटो लागतोच असे नाही. लग्नातला साधा चेहरा उचलून कॉम्प्युटरवर नागडा फोटो बनवता येतो. म्हणजे ज्या पोरीने काहीच केले नाही तिलाही धमकी येऊ शकते.

आता नीट विचार करा. या धमकीत ताकद कशाची आहे? फोटोची नाही. पोराला बापाची जी भीती वाटते तिची आहे. "बापाला सांगीन" या दोन शब्दांवर त्या चोराचा सगळा धंदा चालतो. ज्या पोराने बापाला आधीच सांगितले आहे, त्याच्यापुढे हा चोर काय करणार?

आमच्या माहितीतल्या एका घरात नववीतल्या मुलीने धीर करून आईला सांगितले. बापाने मोबाईल दगडावर आपटला, मुलीची शाळा बंद केली, स्थळ पाहायला सुरुवात केली. पुरावा होता तो फुटला, चोर मोकळा राहिला, आणि शिक्षा झाली लेकीला. धाकटा भाऊ हे सगळे पाहत होता. तो काय शिकला? या घरात तोंड उघडायचे नाही, एवढेच शिकला. आम्हाला बोलावले तेव्हा आम्हीही म्हणालो, "बदनामी नको, मिटवून टाका." तो सल्ला चूक होता, हे आज भर सभेत कबूल करतो.

२०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. पऱ्हाटी बाहेरून हिरवीगार, बोंड फोडले तर आत अळी. पण त्याआधी डोमकळी दिसत होती. पोरांचेही तसेच आहे. जेवण कमी होते, चिडचिड वाढते, मेसेज आला की पोर उठून बाहेर जाते, रात्री पांघरुणात उजेड दिसतो, खात्यातून शंभर-दोनशे कमी होतात. ही डोमकळी आहे. दिसली तर काठी घेऊ नका, जवळ बसून विचारा.

करायचे काय, ते एक एक सांगतो.

एक. आज रात्रीच लेकरांना सांगा, "चूक तुझी असली तरी आधी आम्हाला सांग. मारणार नाही, शाळा बंद करणार नाही." आणि शब्द पाळा. एकदा मोडला की पुन्हा कोणी सांगणार नाही.

दोन. रात्री मोबाईल बैठकीत चार्जिंगला लागेल, मोठ्यांचाही. मोबाईलवर काय काय आहे ते पोरालाच शिकवायला सांगा. अनोळखी माणसाला आपले फोटो दिसणे बंद कसे करतात, ते त्याच्याकडून करून घ्या. वाचता येत नसले तरी विचारता येते.

तीन. कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात ते मोबाईलला जोडू नका. दुसऱ्या खात्यात थोडे पैसे ठेवा, तेच जोडा. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेने केला, पण कायदा झाला म्हणून आमिष संपत नाही.

चार. धमकी आलीच तर पैसे देऊ नका, दुसरा फोटो देऊ नका, मेसेज पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. लेकरू संकटात असेल तर १०९८.

पाच. पोलिसांना भिऊ नका. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या लेकरांसाठी आहे. त्यात लेकराचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, लेकराला रात्री ठाण्यात ठेवू नये, त्याचे नाव बाहेर येऊ नये, हे कायद्यातच लिहिले आहे. कोणी टाळाटाळ केली तर हे कलम २४ आहे असे ठामपणे सांगा.

एकट्या बापाला ठाण्याची पायरी जड वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक तालुक्यात आपला एक कार्यकर्ता आणि एक बहीण सोबत येतील. गावात त्याची चर्चा होणार नाही. मागे आम्ही मिटवा म्हणालो, आता सोबत चालू.

आज घरी गेल्यावर पेरणी-फवारणीचे बोलणे उद्यावर टाका. पोराजवळ बसा आणि मी सांगितलेले ते एक वाक्य बोला. आपले पोर संकटात सापडले तर आधी कोणाला सांगेल, हे त्या एका वाक्यावर ठरणार आहे.